दवाखान्यात उठायचं कधी, चालायचं किती? नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वॉर्डात शिरले की रुग्णाच्या चेहऱ्यावर 'आली ही परत' असतं आणि उशाशी बसलेल्या नातेवाइकाच्या चेहऱ्यावर 'आजच्या दिवस राहू द्या ना'. खालचे प्रश्न कॉटच्या कडेला उभं राहून मला शेकडो वेळा विचारले गेलेत. तिथे उत्तरं घाईत द्यावी लागतात, म्हणून इथे सावकाश लिहिते आहे. तुमच्या रुग्णाबाबत शेवटचा शब्द त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, हे धरूनच वाचा.

माणूस आजारी आहे म्हणूनच ॲडमिट केलंय ना? मग त्याला पडू का देत नाही?

झोपू जरूर द्या. रात्रीची झोप आणि दुपारची डुलकी कुणी काढून घेत नाही. प्रश्न आहे तो सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत छताच्या पंख्याकडे बघत आडवं राहण्याचा.

ही समजूत फक्त आपल्या घरांतली नाही, डॉक्टरांचीही होती. शंभर वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं की दोन-तीन आठवडे खाटेवर, बाळंतपण झालं की दहा-पंधरा दिवस खाटेवर, असाच रिवाज युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांतही होता. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्लिश डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहून खाटेचे धोके एकेका अवयवानुसार मांडले: फुप्फुसं, रक्तवाहिन्या, कातडी, स्नायू, हाडं, मूत्रमार्ग, आतडी, शेवटी मन. त्या यादीत आज फारसं काही खोडावं लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा कमी आणि जखमी जास्त, त्यामुळे रुग्णांना लवकर उठवावं लागलं, आणि लवकर उठलेले लवकर बरे होतात हे सर्जनांच्या लक्षात आलं. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात ऑपरेशननंतर लवकर खाणं, लवकर उठणं, नळ्या लवकर काढणं असा पूर्ण कार्यक्रमच बांधला. आज बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत तीच पद्धत चालते. घराघरांत मात्र अजून 'पूर्ण आराम'.

दोन-चार दिवस पडून राहिल्यानं असं काय बिघडतं?

तरुण, धडधाकट माणसाचं फारसं नाही. सत्तरीच्या माणसाचं बरंच.

आपण उभे असतो तेव्हा मांडीचे, नितंबांचे, पोटऱ्यांचे स्नायू सतत गुरुत्वाकर्षणाशी झगडत असतात. आडवं झालं की त्यांचं काम संपतं, आणि शरीर हिशेबी आहे, बिनकामाचा स्नायू ते पोसत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या, पूर्णपणे निरोगी स्वयंसेवकांना १० दिवस अंथरुणात ठेवलं. जेवण व्यवस्थित, आजार कुठलाही नाही. तरी पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी घटली. तुमच्या रुग्णाला वर न्यूमोनियाही आहे आणि चार दिवस पोटात धड काही नाही.

दुसरा प्रयोग मला फार आवडतो. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवलं. दमसास, म्हणजे जोरात व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त जितका प्राणवायू वापरू शकतं तो आकडा, सुमारे २७ टक्क्यांनी खाली आला. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा गाठून तपासलं. पन्नाशी आली होती, वजन वाढलं होतं, तरी तीस वर्षांच्या वयानं केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीहून कमी भरली.

बाकीचं थोडक्यात. आडवं असताना फुप्फुसांच्या खालच्या भागात हवा नीट भरत नाही, कफ साठतो. पोटरीच्या शिरांत रक्त रेंगाळून गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. आतडी मंदावतात, पोट फुगलंय आणि चार दिवस साफ नाही, ही तक्रार अर्ध्या वॉर्डाची असते. माकडहाडावर आणि टाचांवर सतत दाब येऊन कातडी सोलवटते. शिवाय उभं राहिल्यावर रक्तदाब सांभाळण्याची शरीराची सवय मोडते, म्हणून पाचव्या दिवशी उठवलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मग घरचे म्हणतात, 'बघा, अजून अशक्तपणा आहे, झोपू द्या.' दुष्टचक्र इथेच सुरू होतं.

आमचे बाबा स्वतःच्या पायांनी ॲडमिट झाले. आजार बरा झाला, पण आता उभंही राहवत नाही. उपचारात काही चुकलं का?

बहुतेक वेळा औषधोपचार बरोबरच असतात. सत्तरीपुढच्या रुग्णांत साधारण तिघांपैकी एक जण घरी जाताना अंघोळ, कपडे, संडास, चालणं यांपैकी एखाद्या गोष्टीत पूर्वीपेक्षा परावलंबी झालेला असतो, आणि त्यात आजाराइतकाच वाटा खाटेचा असतो. अमेरिकेत ४५ वयस्क माजी सैनिकांच्या मांडीला आणि घोट्याला हालचाल मोजणारी यंत्रं लावून पाहिलं, तर रुग्णालयातला ८३ टक्के वेळ ते आडवे होते आणि उभं राहण्या-चालण्यात जेमतेम ४ टक्के वेळ गेला. हे सगळे ॲडमिट होण्याआधी चालते-फिरते होते, आणि 'उठू नका' असं कुणी त्यांना सांगितलंही नव्हतं. उठा असंही कुणी म्हटलं नाही, एवढंच.

आपल्याकडे यात एक भर पडते, ती मायेची. मुलगा पाणी तोंडाशी धरतो, सून भरवते, मावशी बेडपॅन लावतात, नातू पाय चेपतो. बाबांनी दिवसभरात स्वतः काय केलं? फक्त औषधं गिळली. सेवा करायची नाही असं मी म्हणत नाही, तिची जागा बदला. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर ठेवा आणि त्यांनी तो उचलेपर्यंत धीर धरा. ही सेवा भरवण्यापेक्षा अवघड आहे.

फाईलवर 'बेड रेस्ट' लिहिलंय. मग?

मग विचारा: 'सर, कशासाठी आणि किती दिवस?' पुष्कळदा ते पहिल्या रात्री लिहिलेलं असतं आणि नंतर कुणी खोडायला विसरतं. राऊंडच्या वेळी रोज एकच वाक्य बोला: 'आज खुर्चीत बसवू का, आणि संडासपर्यंत नेऊ का?' त्याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं, आणि 'हो' मिळालं तर सिस्टरांना सांगून नोंद करून घ्या.

खरंच उठवायचं नसतं असे रुग्ण कोणते?

आहेत असे, आणि तिथे हट्ट करू नये. मणक्याला मार लागलाय आणि तो स्थिर आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. कंबरेचं किंवा मांडीचं हाड मोडलंय आणि ऑपरेशन बाकी आहे. रक्तदाब औषधाच्या पंपावर कसाबसा टिकवलाय. छातीत दुखणं थांबलेलं नाही. कुठून तरी रक्तस्राव चालू आहे. पायात नुकतीच गुठळी सापडलीय आणि रक्त पातळ करायचं औषध अजून सुरू झालेलं नाही. जांघेतून अँजिओग्राफी झाली असेल तर सांगितलेले तास तो पाय सरळच ठेवायचा. मणक्यातून भूल दिली असेल तर पायांत पूर्ण ताकद येईपर्यंत उभं करायचं नाही. डेंग्यूत प्लेटलेट फार खाली असतील तर एकट्यानं हिंडू देऊ नका, पडून मार लागला तर रक्त थांबणं अवघड.

यातल्या बऱ्याच जणांना पलंगाचं डोकं वर करून बसवता मात्र येतं. घोटे हलवणं, दीर्घ श्वास घेणं हे तर जवळजवळ सगळ्यांना जमतं. पण तेही विचारूनच.

पहिल्यांदा उठवायचं कसं? आम्ही तर दोघं मिळून काखेत हात घालून उचलतो.

काखेत हात घालून उचलू नका. रुग्णाचा खांदा दुखावतो, लकवा असेल तर निखळूही शकतो, आणि तुमची कंबर धरते ती वेगळीच.

आधी वेळ निवडा. पोट भरल्या भरल्या नको, झोपेच्या गोळीचा अंमल असताना नको, आणि वॉर्डात फरशी पुसली जात असताना तर मुळीच नको. वेदनाशामक दिल्यावर अर्ध्या तासानं बरं पडतं. रुग्णाला गुडघे वाकवून कुशीवर वळू द्या. पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपरावर, मग तळहातावर जोर देत अंग उचलायचं. असं केलं की पोटावर ताण कमी येतो. उताणं असताना सरळ उठायला जाल तर टाके ओढले जातात आणि माणूस कळवळतो.

बसल्यावर लगेच उभं करू नका. पाय सोडून तीन-चार मिनिटं बसू द्या, घोटे वर-खाली करायला सांगा, बोलत राहा. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं, आणि चार दिवस आडव्या असलेल्या शरीराला ते पुन्हा वर ढकलायची सवय राहिलेली नसते. चेहरा पांढरा पडला, घाम आला, बोलणं तुटक झालं तर पुन्हा आडवं करा. अर्ध्या तासानं परत प्रयत्न.

उभं राहताना पावलं मागे, गुडघ्यांच्या जरा आत घ्यायची आणि देवासमोर वाकतो तसं पुढे झुकायचं; नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं की बूड आपसूक सुटतं. बहुतेक रुग्ण भीतीनं मागे रेलतात आणि मग दोघांनाही उचलवत नाहीत. तुम्ही बाजूला, त्यांच्या अशक्त अंगाला उभे राहा. एक हात कंबरेमागे, दुसरा त्यांच्या हाताखाली आधारासारखा. ओढायचं नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या लोखंडी कॉट उंच असतात आणि खाली ते पायरीचं छोटं स्टूल असतं. बुटक्या आजीचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्या स्टुलावर पाय ठेवून उतरतात, आणि स्टूल सरकतं. मी पाहिलेली निम्मी पडझड या स्टुलाची आहे. कॉट खाली घेता येत असेल तर घ्या. नसेल तर उतरताना दुसऱ्या माणसानं स्टुलाला पाय लावून ते दाबून धरा.

टाके तुटणार नाहीत ना?

चालण्यानं नाही. पोटाच्या टाक्यांवर खरा ताण येतो तो जोरानं खोकताना, कुंथताना, जड उचलताना. म्हणून खोकला आला की उशी पोटाशी, बायपास झाली असेल तर छातीशी, घट्ट धरा. बायपासवाल्यांनी उठताना हातांवर जोर द्यायचा नाही, पायांवर द्यायचा. ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं मधलं हाड सांधत असतं.

सलाईन चालू आहे, लघवीची पिशवी आहे, ड्रेन आहे. एवढ्या लटांबरासकट कसं चालवणार?

चाकांचा स्टँड मागा. लघवीची पिशवी कंबरेच्या खाली राहील अशी धरा, वर उचलली तर लघवी उलटी जाते. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळीची, बाटली नाईटीला किंवा सदऱ्याला पिनेनं अडकवा. सलाईन थोडा वेळ बंद ठेवता येईल का ते सिस्टरांना विचारा, बऱ्याचदा येतं. स्वतः मात्र काढू नका.

कॅथेटर राहू दिला तर बरं नाही का? रात्री उठायला नको.

सोय तुमची होते, किंमत रुग्ण मोजतो. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, जितके दिवस तितका लघवीच्या जंतुसंसर्गाचा धोका जास्त. शिवाय ती नळी म्हणजे माणसाला खाटेला बांधणारी दोरीच आहे, तोही उठत नाही आणि तुम्हीही उठवत नाही. डायपरचं तेच. चालता येणाऱ्या माणसाला 'बांधलंय ना, त्यातच करा' सांगणं मला बघवत नाही. लघवीला उठणं हा रुग्णाचा दिवसातला पाच-सहा वेळचा फुकटचा व्यायाम आहे. संडास लांब असेल तर कॉटशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. बेडपॅनपेक्षा बसून पोटही नीट साफ होतं. नळी कधी निघणार, हे रोज विचारा.

आणि पडले तर?

ही भीती खरी आहे, आणि सिस्टरांनाही आहे, कारण रुग्ण पडला की जाब त्यांनाच विचारला जातो. पण न उठवण्यानं पडणं टळत नाही. ते लांबणीवर पडतं, आणि मग घरच्या मोरीत घडतं, जिथे धरायला कुणी नसतं.

करण्यासारखं हे: हवाई चप्पल बंद, मागून पट्टा असलेली सँडल घाला. घोट्यापर्यंत लोळणारा गाऊन किंवा लुंगी वर खोचा. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी कपाटात असेल तर आजच आणा. रात्री पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लघवीची घाई, म्हणून झोपण्याआधी एकदा नेऊन आणा.

सिझर झालंय. सासूबाई म्हणतात बाळंतिणीनं सव्वा महिना उठू नये, अंगात वारं भरतं.

सासूबाईंचा हेतू चांगला आहे. शेतावर राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बाईला सव्वा महिना कामातून सोडवायला ही रीत फार उपयोगी होती, आणि आजही बाळंतिणीला स्वयंपाक-धुण्यातून सुटका हवीच. पण घरकाम न करणं आणि खाटेवरून न उठणं यांत फरक आहे. गरोदरपणी आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त जास्त गोठणारं असतं. रक्तस्रावापासून बचावाची निसर्गानं केलेली ती सोय आहे, पण त्यामुळेच पायात गुठळीचा धोका वाढतो, आणि सिझर झालं असेल तर आणखी.

पायांतली भूल उतरली, रक्तदाब ठीक आहे, रक्तस्राव आटोक्यात आहे, की साधारण सहा ते बारा तासांत उठवतात. काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिली पाच पावलं नकोशी असतात, खोटं कशाला बोलू. पोटावर हात किंवा उशी ठेवायची, आणि वाकून नाही तर जमेल तितकं ताठ चालायचं. पहिल्या फेरीला बाळ हातात द्यायचं नाही, चक्कर येऊ शकते. वायू सरतो, पोट हलकं होतं, दूध पाजायला बसणं सोपं जातं. सासूबाईंना हेच सांगा: वारं भरू नये म्हणूनच चालवतोय. मी सांगते तेव्हा पटतं त्यांना.

हार्ट अटॅक आलेल्याला चालवणं धोक्याचं नाही का?

एके काळी चार ते सहा आठवडे सक्तीचं अंथरूण असे, कुशीवरसुद्धा स्वतः वळायचं नाही. १९५०च्या सुमारास बोस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा विरोध झाला. रुग्ण दगावले नाहीत, उलट सुधारले. आज अँजिओप्लास्टी वेळेत झाली, पुढे गुंतागुंत नाही, तर बहुधा दुसऱ्या दिवशी बसवून चार पावलं चालवतात, तेही मॉनिटर लावून. छातीत दुखलं, वाक्य पुरं करता येईना इतका दम लागला, थंड घाम आला, तर थांबा आणि हाक मारा.

लकव्यात जितक्या लवकर आणि जितकं जास्त तितकं बरं, हो ना?

नाही. मलाही हे शिकावं लागलं. मेलबर्नहून चालवलेला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला: पाच देश, ५६ रुग्णालयं, २,१०४ रुग्ण. लकवा झाल्यापासून २४ तासांच्या आत वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगले सावरलेले ४६ टक्के निघाले, नेहमीच्या पद्धतीनं उठवलेल्या गटात ५० टक्के. म्हणजे अतिउत्साह थोडा अंगाशी आला. पहिल्या दिवशी मेंदूचा रक्तपुरवठा नाजूक असतो, लगेच फार उभं केलं तर तो ढळण्याची भीती. त्याच आकड्यांचा पुढे बारकाईनं विचार केल्यावर दिसलं की थोडा-थोडा वेळ, पण जास्त वेळा, हे सोसतं.

म्हणून पहिल्या दिवशी स्वतःहून उभं करू नका, टीम ठरवेल. तोपर्यंत लुळा हात उशीवर नीट ठेवा, त्या हाताला धरून ओढू नका, आणि पाणी-चहा देण्याआधी गिळता येतंय का हे तपासून घ्या. लकव्याच्या पहिल्या आठवड्यात ठसक्यातून होणारा न्यूमोनिया फार घातक.

आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेल्यालाही म्हणे चालवतात?

काही ठिकाणी, निवडक रुग्णांना. २००९च्या एका अमेरिकन अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या १०४ रुग्णांपैकी काहींना गुंगीचं औषध रोज थांबवून लगेच व्यायाम सुरू केला. रुग्णालयातून बाहेर पडताना त्यातले ५९ टक्के स्वतःचं स्वतः करू शकत होते, नेहमीच्या पद्धतीत ३५ टक्के. हे ऐकून सगळे खूश झाले. मग २०२२ साली ७५० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, मुळातच बऱ्यापैकी हलवल्या जाणाऱ्या रुग्णांना आणखी जोर लावून हलवलं, रोज सुमारे ९ मिनिटांऐवजी २१ मिनिटं, तर फायदा दिसला नाही आणि त्रासाच्या घटना वाढल्या. मी यातून एवढंच घेते की शून्यावरून थोड्यावर येण्यात मोठा लाभ आहे. थोड्यावरून पुष्कळावर जाण्यात असेलच असं नाही. आयसीयूत नातेवाइकांनी करण्यासारखं: गुंगी कमी करून आज जागं ठेवता येईल का, आणि फिजिओ येऊन गेले का, हे विचारा.

आई रात्री बरळते, सलाईन उपटते, माणसं ओळखत नाही. हिला वेड लागलं का?

बहुधा हे रुग्णालयातलं तात्पुरतं भ्रमिष्टपण आहे, वयस्कांत फार आढळतं. सिस्टरांना लगेच सांगा. त्यामागे संसर्ग, क्षारांचा बिघाड, लघवी तुंबणं, एखादं औषध असं कारण असू शकतं. येल विद्यापीठाच्या रुग्णालयात शेरॉन इनूये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली आला. रोज चालवणं, चष्मा-श्रवणयंत्र लावणं, पाणी पाजणं, रात्री शांत झोपू देणं, तारीख-वार-ठिकाण सांगत राहणं, एवढ्या साध्या गोष्टींनी भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आलं. यातलं जवळजवळ सगळं नातेवाइकाला येतं. दिवसा पडदे उघडा, खुर्चीत बसवा, हात बांधणं शक्यतो टाळा.

पाय चेपून दिले तर चालेल का?

दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर हळू चेपा. पण एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, पोटरी दाबली की दुखतेय, तर हात लावू नका, तेल तर नकोच, आणि चालवूही नका. गुठळी असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

रोज किती चालायचं?

इस्रायलमधल्या एका अभ्यासात वयस्क रुग्णांना पावलं मोजणारी यंत्रं लावली होती. दिवसाला ९०० पावलांहून कमी चालणाऱ्यांत परावलंबी होण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. आजारी म्हाताऱ्या माणसाचं पाऊल जेमतेम अर्ध्या मीटरचं, म्हणजे हे साडेचारशे मीटर झाले. वॉर्डाचा पॅसेज तीस मीटरचा असेल तर पंधरा फेऱ्या, दिवसभरात वाटून. एका दमात नाही. जेवणं तिन्ही वेळा खुर्चीत बसून घेतली तर निम्मं काम तिथेच होतं. चालता येत नसेल तर खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा, दिवसातून तीनदा.

त्यांना उठताच येत नाही. मग काय करायचं?

दर दोन तासांनी कूस बदला: उजवी, उताणं, डावी. वेळ कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, नाहीतर रात्रपाळीचा नातेवाईक विसरतो. कूस बदलताना फरफटत ओढू नका, खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी उचला. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात बघा. बोटानं दाबूनही न जाणारी लाली ही जखमेची पहिली खूण आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम, कडक किंवा जांभळट लागते. त्या जागेवर चोळू नका. हवेची गादी घेतलीत म्हणून कूस बदलणं चुकत नाही, हे दुकानदार सांगत नाही.

श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन रंगीत गोळे असलेलं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. दहातले सात जण फुंकतात.

खायला काय द्यावं?

पेज, नारळपाणी आणि साबुदाण्याच्या खिचडीवर स्नायू उभे राहत नाहीत. मनाई नसेल तर घट्ट वरण, अंडं, दही, पनीर, मासळी. आजारी वयस्क माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या आजींना ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब वेगळा, डॉक्टरांना विचारा. कवळी घरून आणायला विसरू नका.

सरकारी दवाखान्यात एवढ्या रुग्णांमागे फिजिओ एकच. आमच्यापर्यंत कोण येणार?

खरं आहे. भारतातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय मुंबईत, केईएम रुग्णालयात, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला निघालं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. तरी आज सत्तर वर्षांनंतरही एकेका वॉर्डाला पुरेसे हात नाहीत. मी एका रुग्णाला दिवसातून पंधरा-वीस मिनिटं देऊ शकले तर तो चांगला दिवस. उरलेले तास तुमच्याकडे असतात. मी आले की बाजूला जाऊन मोबाईल बघू नका, शेजारी उभे राहा आणि माझ्यासमोर एकदा तुम्ही करून दाखवा. चुकलं तर मी तिथेच सांगेन. जमिनीवर गादी टाकलेल्या रुग्णाला उठवणं जास्त अवघड आहे; तिथे आधी भिंतीला टेकवून बसवा, आणि उभं करायला दोन माणसं घ्या.

भेटायला माणसं येतात तेव्हा बाबा लगेच आडवे होतात. काय करावं?

आपल्याकडे भेटायला आलेल्यापुढे आजारी माणसानं आजारी दिसावं लागतं, नाहीतर 'काही झालं नव्हतं म्हणे' अशी चर्चा होते. पाहुण्यांना कॉटवर बसवा आणि बाबांना खुर्चीत. सफरचंदं घेऊन आलेल्या काकांना सांगा, 'यांना जरा जिन्यापर्यंत फिरवून आणता का?' बहुतेक जण खुशीनं नेतात. उशाशी बसून काय बोलावं हे त्यांनाही सुचत नसतं.

घरी गेल्यावर किती दिवस हे चालू ठेवायचं?

दवाखान्यात दहा दिवस गेले असतील तर पूर्वपदावर यायला एक-दोन महिने धरा, वयस्कांना जास्तही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी करून बघा: स्वतः खुर्चीतून उठता येतंय का, कमोडवर बसून उठता येतंय का, आणि घरी जिना असेल तर इथल्या जिन्याच्या चार पायऱ्या चढ-उतार होतात का. खुब्याचा सांधा बदलला असेल तर मांडी घालून बसणं आणि भारतीय संडास सर्जनांनी परवानगी देईपर्यंत बंद. वॉकर दिला असेल तर त्याची उंची मनगटाच्या रेषेत आहे ना हे निघण्याआधी मला किंवा सिस्टरांना दाखवा, कारण दुकानातून आणलेला वॉकर हमखास एक भोक वर किंवा खाली लावलेला असतो.